गप्प बसवणारे सर

पाचापैकी अडीच. मी दिलेले ते गुण मला पक्के आठवतात, कारण पुढे फार वेळा आठवावे लागले.

१९९६ साल सरत आलं होतं. गळीत हंगाम ऐन भरात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि संध्याकाळी वारं फिरलं की मळीचा तो गोडूस-आंबूस वास. अकलूजकराला तो वास एरवी येत नाही. दोन दिवस परगावी राहून परतलं की येतो. मी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. आजूबाजूला शंकरनगर, माळीनगर, श्रीपूर अशी साखरेची गावं. त्यामुळे यीस्ट हा विषय मला पुस्तकातून काढून दाखवावा लागायचा नाही. डिस्टिलरीत मुलांना न्यायचं, फर्मेंटरवरचा फेस दाखवायचा, वॉशचा, म्हणजे आंबणाऱ्या मळीच्या पाण्याचा, एक थेंब काचपट्टीवर घेऊन मिथिलिन ब्लू टाकायचं. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या, बिनरंगाच्या जिवंत. मुलं मोजायला लागायची आणि मोजता मोजता भांडायची.

अंतर्गत परीक्षेत प्रश्न होता: यीस्टमधील जनुकनियमन, एक उदाहरण देऊन. माळशिरसकडून एसटीनं येणारी एक मुलगी होती, शेवटच्या वर्षाची. तिनं मला हवं ते अर्ध्या पानात लिहिलं आणि पुढच्या अख्ख्या पानावर हिस्टोन प्रथिनांबद्दल लिहिलं. डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो ती ही प्रथिनं जनुकं बंद ठेवण्यात स्वतःच भाग घेतात, असं तिचं म्हणणं. मी त्या पानावर तिरकी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हिस्टोन = पॅकिंग. विषय सोडून.'

तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पेपर वाटताना मी तो मुद्दा वर्गात काढला. म्हणालो, "यीस्टच्या डीएनएत एक कोटी वीस लाख अक्षरं. सरळ केला तर चार मिलिमीटर भरेल. तो राहतो दोन मायक्रॉनच्या केंद्रकात. गुंडाळायला काहीतरी लागणारच. हिस्टोन म्हणजे गाठोड्याचं फडकं. बोहारणीचं फडकं बघून आतल्या साडीचा भाव ठरतो का?"

वर्ग हसला. ती उभी राहिली. "पण सर, गाठोडं सोडल्याशिवाय साडी नेसता येते का?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "बस खाली."

तास संपल्यावर ती दाराशी आली आणि चार-पाच पानांची झेरॉक्स माझ्या हातात दिली. 'सायंटिफिक अमेरिकन'च्या ऑक्टोबर १९९२ च्या अंकातला मायकेल ग्रुनस्टाईन यांचा लेख, विषय हिस्टोन आणि जनुकांचं नियंत्रण. पुण्याच्या मामांनी पाठवला म्हणाली. "सर, वाचून बघा ना." मी म्हणालो, "अगं, हे मासिक आहे. पाठ्यपुस्तक नाही." झेरॉक्स घेतली आणि फायलीत घातली. तेरा वर्षं ती तिथेच राहिली.

माझं मत काय होतं ते आधी नीट मांडतो. ते अगदीच वेडगळ नव्हतं. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. स्फटिक व्हायला तयार नसलेली साखर त्यात असतेच. बरंचसं सुक्रोज, म्हणजे आपली चहातली साखर, आणि सोबत ग्लुकोज-फ्रुक्टोज. सुक्रोज खायचं तर यीस्ट ते पेशीच्या वेशीवरच फोडतं, इन्व्हर्टेज नावाच्या विकरानं. हे विकर ज्या जनुकावरून तयार होतं त्याचं नाव सक-टू. समोर ग्लुकोज मुबलक असेल तर यीस्ट हे जनुक बंद ठेवतं. टोपल्यात भाकरी असताना जातं कशाला फिरवायचं, असा हिशोब.

हा प्रयोग मी दर वर्षी करून दाखवायचो. पुण्याच्या एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून यीस्टचा स्लँट मागवायचा. दोन फ्लास्कमध्ये वाढवायचं, एकात ग्लुकोज ठासून, दुसऱ्यात नखभर. मग पेशी धुऊन साखरेच्या पाण्यात टाकायच्या आणि थोड्या वेळानं वरचं पाणी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळायचं. साखर फुटलेली नसेल तर नळी निळसरच राहते. फुटली असेल तर हिरवी, पिवळी होत होत विटकरी लाल होते. तो लाल रंग चढताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर काढायची.

आणि स्पष्टीकरण? ते मी बॅक्टेरियाकडून उसनं घेतलेलं होतं. झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली इ. कोलायच्या, लॅक्टोज पचवणाऱ्या लॅक जनुकांचं गणित सोडवलं, १९६५ साली नोबेल मिळालं. एक प्रथिन जनुकाच्या तोंडाशी येऊन बसतं, जनुक बंद. ते उठतं, जनुक सुरू. बसलं, उठलं. फळ्यावर दोन चित्रांत मावतं, मुलांना पाठ होतं, तपासायला सोपं. यीस्टमध्येही असंच असणार असं मी धरून चाललो होतो, आणि बहुतेकांप्रमाणे मीही धरून चाललेलं शिकवत होतो.

२००९ साली घर बदलताना ती फाईल निघाली. झेरॉक्सचा एक कोपरा कसरीनं खाल्लेला. सामान ट्रॉलीत चढत होतं आणि मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून वाचत होतो. बायको दोनदा हाक मारून गेली.

ग्रुनस्टाईन लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आडदांड प्रयोग केला होता. आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं पावणेदोनेक वेढे घेतात, अशी एकेक गुंडाळी म्हणजे न्यूक्लिओसोम. आणि प्रथिनं धरून असलेल्या या सगळ्या डीएनएला म्हणायचं क्रोमॅटिन. यीस्टमध्ये अशा साठ-सत्तर हजार गुंडाळ्या. त्यांनी असं यीस्ट तयार केलं की त्यातल्या एच-फोर या एका हिस्टोनचं उत्पादन हवं तेव्हा थांबवता यावं. एच-फोर नाही तर नवी गुंडाळी धड होत नाही. मग त्यांनी पाहिलं फॉस्फेटच्या एका जनुकाकडे, नाव फो-फाईव्ह. बाहेर फॉस्फेट भरपूर असलं की ते बंद असतं. फॉस्फेट तसंच भरपूर ठेवून त्यांनी फक्त हिस्टोन तोडला. जनुक सुरू झालं.

कुणी निरोप दिला नव्हता. फॉस्फेट संपलं अशी वार्ता नव्हती. फडकं विरलं आणि आतलं बाहेर आलं.

यातली गंमत मला दुसऱ्या वाचनात कळली. एच-फोर बंद करण्यासाठी त्यांनी ग्लुकोजच वापरलं होतं. त्याचं जनुक गॅलॅक्टोजच्या बटणाला जोडलेलं, आणि ग्लुकोज दिलं की ते बटण बंद होतं. मी ज्याला 'बसलं-उठलं' म्हणून दोन चित्रांत उरकत होतो, त्याचाच पाना करून या माणसानं माझं चित्र खोललं होतं.

मग मी पुढचं शोधत सुटलो. तोवर घरी इंटरनेट आलं होतं आणि जुने शोधनिबंध फुकट मिळायला लागले होते. माझ्या वर्मी लागला तो सुक्रोजचा भाग. १९८० च्या दशकात मेरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी असं यीस्ट शोधलं होतं ज्याला सुक्रोज आंबवताच येत नाही. त्या बिघडलेल्या जनुकांना नाव मिळालं एसएनएफ, सुक्रोज न आंबवणारी. त्यांच्यात इन्व्हर्टेजचं जनुक शाबूत, ग्लुकोज संपलेलं, तरी इन्व्हर्टेज बनत नाही. माझ्या हिशोबानं हे बसत नव्हतं. बसलेला उठून गेला, मग दार का उघडेना?

१९९२ साली फ्रेड विन्स्टन यांच्या गटानं याच आजारी यीस्टमध्ये मुद्दाम दुसरी खोड केली. हिस्टोन बनवणाऱ्या जनुकांची एक जोडी काढून टाकली, म्हणजे गुंडाळायचं सामान कमी केलं. आणि सुक्रोज न आंबवणारं यीस्ट पुन्हा इन्व्हर्टेज बनवू लागलं. दोन बिघाड मिळून काम सुरू. याचा अर्थ, यातल्या काही एसएनएफ प्रथिनांचं काम गाठ सोडणं हे होतं. फडकंच विरळ असेल तर गाठ सोडणाऱ्या हाताची फारशी गरज उरत नाही. दोनच वर्षांत, १९९४ साली, ती प्रथिनं शुद्ध करून परीक्षानळीत दाखवलं गेलं की ती ऊर्जा खर्चून न्यूक्लिओसोमची मांडणी खरोखर बदलतात.

सगळं सुक्रोजवर! मळीच्या वासात आयुष्य काढलेल्या माणसाच्या विषयावर. यीस्टचं शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसिस, त्यातलं 'सॅकॅरो' ग्रीकांनी आपल्या शर्करेवरून घेतलेलं, हे मी पहिल्या तासाला रुबाबात सांगायचो. साखरेच्या या जनुकावर जगात काय चाललंय ते मात्र मला माझ्याच फायलीत ठेवून माहीत नव्हतं. आणि हे यीस्टपुरतं राहिलेलंही नाही. याच प्रथिनांची माणसातली भावंडं सुमारे २० टक्के कर्करोगांत बिघडलेली आढळतात.

एक तारीख तर फारच टोचली. हिस्टोनांवर ॲसिटिलचा लहानसा गट चिकटला की जनुकं वाचणं सोपं होत असावं, असं व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच सुचवलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९६ च्या मार्चमध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटानं हा गट चिकटवणारं विकर ओळखलं, तर ते यीस्टमधल्या एका जुन्या ओळखीच्या, जनुकं सुरू करणाऱ्या प्रथिनाचं भावंड निघालं. एप्रिलमध्ये स्ट्युअर्ट श्रायबर यांच्या गटाला तो गट काढून टाकणारं विकर सापडलं. ते निघालं यीस्टमधल्या एका दमन करणाऱ्या प्रथिनाचं भावंड. चिकटवणारा हात उघडतो, काढणारा हात मिटतो. त्याच वर्षी, आठेक महिन्यांनी, मी समासात 'विषय सोडून' असं लिहिलं.

मत बदललं म्हणताना मी नेमका कुठे चुकलो होतो, ते सांगायला हवं. हिस्टोन हे पॅकिंग आहे, हे खोटं नाहीच. चूक त्याच्या आधीची. बंद जनुक म्हणजे कुणीतरी येऊन बंद केलेलं, असं मी समजत होतो. बॅक्टेरियाच्या घराचं दार मुळात उघडं, बंद करायला माणूस लागतो. यीस्टच्या घरात मिटलेलं असणं ही बरीचशी नेहमीची अवस्था, उघडायला माणसं लागतात. आपल्याकडे तुकोबांची पालखी येते तेव्हा अकलूजला गोल रिंगण होतं. अश्व धावायचा तर आधी चोपदार माणसांना मागे सारतात. अश्वाला कुणी अडवलेलं नसतं. जागाच नसते. एसएनएफ मंडळी म्हणजे चोपदार, असं मी पुढे शिकवायला लागलो, आणि मुलांना ते एका वाक्यात कळायचं. फळ्यावरची ती दोन चित्रं मी पुसली.

आता खरं कारण. तो लेख मी वाचला नाही तो मासिकातला होता म्हणून नाही. बी.एस्सी.च्या मुलीनं माझ्या आधी काहीतरी वाचलंय, हे मला झेपलं नाही. लॅक जनुकांवरचं माझं व्याख्यान विद्यार्थ्यांत नावाजलेलं होतं आणि त्याला ओरखडा नको होता. यापलीकडे काही नाही.

नव्यानं माळ घातलेल्याचं होतं ते माझंही झालं. निवृत्त होईपर्यंत मी क्रोमॅटिनचे टाळ कुटत राहिलो. काहीही विचारा, उत्तर न्यूक्लिओसोम. एकदा फर्मेंटर अर्ध्यात थंडावला तेव्हा डिस्टिलरीतल्या जुन्या विद्यार्थ्याला मी चहाच्या टपरीवर हिस्टोन समजावत होतो. तो मुकाट्यानं ऐकून म्हणाला, "सर, कूलिंगचा पंप गेलाय."

२०१७ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलो. ती झेरॉक्स देणारी विद्यार्थिनी तिथल्या एका संशोधनसंस्थेत यीस्टवरच काम करते हे कळलं होतं. फोन केला, तर म्हणाली, "सर, याच तुम्ही. चहा लॅबबाहेर प्यावा लागेल तेवढा." खिशात कसर लागलेली झेरॉक्स होती. सरळ माफी मागायची असं ठरवून गेलो होतो.

ते राहिलं बाजूला. तिनं माझ्या हातात एक प्लेट दिली. नव्या डोळ्यानं मी ती खिडकीशी धरली. आगरवर यीस्टच्या वसाहती, मसुराच्या डाळीएवढ्या. काही लाल, काही पांढऱ्या, आणि बऱ्याचशा दोन्ही. लाल चकतीत मधून कडेपर्यंत पांढरी फाक, मध्येच गुलाबी रेघ, सांगोल्याच्या डाळिंबाचा आडवा काप असावा तशी. मी म्हणालो, "म्युटेशन?" ती हसली. "नाही सर. सगळ्यांत एकच जनुक, अक्षर न् अक्षर तेच."

ही युक्ती डॅन गॉट्शलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९९० सालची. अडे-टू हे जनुक चालू असेल तर वसाहत पांढरी. बंद असेल तर पेशीत लाल रंग साठतो. हे जनुक त्यांनी उचलून गुणसूत्राच्या टोकाशी नेऊन ठेवलं. टोकाजवळ क्रोमॅटिन घट्ट मिटलेलं असतं, तिथे जनुक कधी मिटतं, कधी उघडतं. आणि एकदा मिटलं की लेकी, नाती, पणत्या मिटलेल्याच. मग एखादी पेशी उघडते, आणि तिचा सगळा वंश पांढरी फाक होऊन पसरतो. वाचलं मी सगळं होतं. हातात धरल्यावर पोटात काहीतरी हललं. अक्षरात कुठेही न लिहिलेली गोष्ट आईकडून मुलीकडे जाते, ती अशी दिसते.

"टोकाशी हे मिटवतं कोण?" मी विचारलं. तिनं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सर." मग थोडं थांबून, "सर-टू, सर-थ्री, सर-फोर. सायलेंट इन्फर्मेशन रेग्युलेटर. गप्प बसवणाऱ्या प्रथिनांना सर म्हणतात, सर."

शेजारच्या टेबलावरचा मुलगा खाली मान घालून पिपेटिंग करत होता. त्याचे खांदे हलत होते.

मग चहावर मी माझं सगळं सांगितलं. झेरॉक्स काढून ठेवली. कसं चुकलो, कसं कळलं, आणि आता कसं मला पटलंय की सगळं दमन शेवटी क्रोमॅटिनच करतं. माफीच्या ओघात मी बराच वेळ बोललो असणार. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, २०११ चा वाँग आणि स्ट्रूलचा पेपर वाचलात?"

नव्हता वाचला.

सक-टू बंद ठेवणारी जोडी म्हणजे मिग-वन आणि त्याच्या हाकेला येणारं टप-वन-सिक-एट हे जोडप्रथिन. ते आजूबाजूच्या न्यूक्लिओसोम घट्ट बसवून जनुक बंद करतं, असं मीही वाचलं होतं, शिकवलंही होतं. वाँग आणि स्ट्रूल यांनी हे टप-वन केंद्रकातून झटक्यात बाहेर काढलं आणि कशामागून काय होतं ते पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की त्याचं मुख्य काम वेगळंच आहे. ज्या प्रथिनाच्या बोलावण्यावर ते येतं, त्याच्याच तोंडावर ते हात ठेवून बसतं. हात निघाला की तेच प्रथिन चोपदारांना हाक मारतं, आणि मग न्यूक्लिओसोम हटतात. पवईच्या आयआयटीत पी. जे. भट यांनी वर्षानुवर्षं ज्या गॅलॅक्टोज जनुकांवर काम केलं, २००८ साली पुस्तक लिहिलं, त्यांच्यातही एक प्रथिन दुसऱ्याचं तोंड असंच दाबून ठेवतं. म्हणजे बसलं-उठलं, काही प्रमाणात, परत आलं होतं.

"आणि एच-फोर कमी केल्यावर सगळ्या जनुकांचं काय होतं तेही १९९९ साली मोजलंय," ती म्हणाली. सुमारे १५ टक्के जनुकं वाढली, १० टक्के घटली, बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. वाढलेल्यांत टोकाजवळची पुष्कळ. "म्हणजे माझ्या उत्तरपत्रिकेतलं ते पान पूर्ण बरोबर नव्हतंच, सर. मीही सगळ्यालाच हिस्टोन लावले होते."

"तरी अडीच कमीच दिले," मी म्हणालो.

"अडीच? दोन दिले होते तुम्ही. आणि त्यातही अर्धा हस्ताक्षरासाठी कापला होता, तसं लिहिलं होतंत."

परतीच्या एसटीत मी झेरॉक्सच्या पाठीमागे पेन्सिलीनं एक प्रयोग मांडत होतो. आधी तोंडावरचा हात निघतो की आधी फडकं सुटतं, हे सक-टूवर वेगळं कसं काढायचं. चोपदार नसलेलं यीस्ट घ्यायचं, त्यातून टप-वन काढायचं. फडकं तसंच राहिलं आणि तरी इन्व्हर्टेज बनलं, तर एक उत्तर. नाही बनलं, तर दुसरं. मग लक्षात आलं, फडकं तसंच राहिलं हे बेनेडिक्टच्या नळीत दिसणार नाही, आणि माझ्याकडे तेवढीच नळी. खोडलं. पुन्हा मांडलं. गाडी सराटीच्या पुलावर आली तेव्हा खाली नीरेला बऱ्यापैकी पाणी होतं आणि खिडकीतून मळीचा वास यायला लागला होता.